चाक घासतंय म्हणजे ते नरम आहे का?

प्रश्न : नमस्कार, मी चाळीसगावचा, वजन ८४ किलो. दिवाळीत ५० एमएम खोल रिमची कार्बन चाकं घेतली, रिम ब्रेकवाली, मागे २४ तारा. कन्नड घाटात उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक ब्रेकच्या रबराला घासतं, आधीच्या साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला असं कधीच झालं नाही. मित्र म्हणतात का तुझी रिम नरम निघाली, अजून स्टिफ घे, स्पीड पण वाढेल. आणि खराब रस्त्यावर हात बधिर होतात ते वेगळंच. एवढे पैसे घातलेत, आता काय करू?

उत्तर : भाऊ, आधी एक सांगतो, नवीन चाकं अजिबात घेऊ नका. घासणं म्हणजे रिम नरम असं सगळेच धरून चालतात, पण बऱ्याचदा गोष्ट नेमकी उलटी असते. तुम्ही उभे राहून सायकल डावी-उजवी करता तेव्हा चाकावर आडवा जोर येतो तो खाली, टायर जमिनीला टेकतो तिथे. नरम रिम असेल तर तेवढाच भाग वाकतो आणि वरचा जागेवर राहतो. कडक कार्बनची रिम मात्र थाळीसारखी अख्खीच तिरकी होते, खाली एका बाजूला गेली की वर दुसऱ्या बाजूला येते आणि तुमचा ब्रेक बसलाय नेमका वर, मग घासणारच ना. रिम कडक आणि तारा कमी, असं ते गणित आहे.

आता तारा. पुष्कळ जण मिस्त्रीला सांगतात अजून टाइट कर, स्टिफ होईल. नाही होत. तार ढिली पडत नाही तोवर ताण वाढवून कडकपणा वाढत नाही, तो ठरतो तारा किती, किती जाड आणि हबच्या फ्लँजपासून (चाकाच्या मधल्या तुंब्याची कड, जिथे तारा अडकतात) किती तिरक्या बसल्यात यावर. उगाच आवळलं तर कार्बन निपलच्या (तार रिमला धरून ठेवणाऱ्या नटाच्या) भोकापाशी तडकतं, हे मनावर घ्या. मागच्या चाकात डाव्या बाजूचा ताण मुळातच उजवीपेक्षा बराच कमी असतो, म्हणून तिथल्या तारा बोटाने छेडून बघा, एका बाजूच्या सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा, एखादी भदभद वाजली तर टेन्शन मीटर असलेल्या माणसाकडूनच आऊट काढून घ्या. रिम धरून आडवी हलवूनही बघा, बेअरिंगमध्ये प्ले म्हणजे ढिलेपणा असेल तर लगेच कळतं. क्विक रिलीज (चाक फ्रेमला आवळणारा खटका) घट्ट आहे का तेही. हे सगळं ठीक असेल तर ब्रेकचं रबर दोन्हीकडून थोडं लांब करा, बस.

स्पीडचं म्हणाल तर आडवं वाकलेलं चाक परत सरळ होतंच, त्यात गेलेली ताकद बहुतेक परत मिळते. वजनाचा हिशोब पण करून बघा, तुम्ही आणि सायकल मिळून ९२ किलो धरले आणि चाकं ३०० ग्रॅमने हलकी घेतली, तरी तीस मिनिटांच्या चढात पाच-सहा सेकंद वाचतील, त्यासाठी अजून लाखभर घालायचे का?

हात बधिर होण्याचा दोष चाकाला देऊ नका. खड्ड्यात चाक उभं दबतं ते एक मिलिमीटरसुद्धा नाही, टायर कितीतरी जास्त दबतो. तुम्ही लिहिलं नाही पण माझा अंदाज, २५ एमएम रुंदीचे टायर आणि ११० पीएसआय हवा. ब्रेकमध्ये आणि फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चे टाका, मागे ८० च्या आसपास, पुढे थोडी कमी. रिमवर छापलेल्या मर्यादेच्या वर मात्र कधीच नाही, आणि मे महिन्यात सायकल उन्हात उभी करून ठेवू नका, हवा आतल्या आत वाढते.

आणि खरी काळजी मला घाट चढताना नाही, उतरताना वाटते. रिम ब्रेकची कार्बन रिम सतत ब्रेक धरून ठेवला की तापते, फार तापली की आतलं रेझिन (कार्बनचे धागे चिकटवणारा डिंक) मऊ पडतं आणि टायरच्या हवेने रिमची कड फाकू शकते. कन्नड घाट उतरताना ब्रेक धरून बसू नका, वळणाआधी जोरात मारा आणि सोडा, पुढचा-मागचा दोन्ही. रबर कार्बनसाठीचंच हवं, जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकावरचं तेच काढून लावलं असेल तर आजच बदला, त्यात धातूचे कण रुतलेले असतात आणि ते रिम खरवडतात.