आयरिश रेल्वे, सव्वापाच फुटी रूळ आणि कपाटातली इंजिनं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आयर्लंडच्या रेल्वेवर अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे सारखे विचारलेले प्रश्न निवडलेत. गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल सगळ्यात जास्त विचारणा आहे, तर तिथूनच सुरू करू.

प्रश्न: मी रेल्वेतून रिटायर झालोय, भुसावळला असतो. इंग्रजांनी आपल्याकडे साडेपाच फुटी रूळ टाकले, स्वतःच्या देशात चार फूट साडेआठ इंची. मग शेजारच्या आयर्लंडमध्ये हे पाच फूट तीन इंच कुठून आलं? आणि तिथली इंजिनं कसली आहेत?

काका, हे भांडणातून आलं बघा. आयर्लंडची पहिली रेल्वे १७ डिसेंबर १८३४ ला सुरू झाली, डब्लिन ते किंग्सटाउन (आता त्याला डन लिअरी म्हणतात), म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या जवळपास अठरा वर्षं आधी. ती होती इंग्लंडसारखीच चार फूट साडेआठ इंची. मग उत्तरेला अल्स्टर रेल्वेवाल्यांनी बेलफास्टहून लिस्बर्नपर्यंत १८३९ मध्ये लाइन टाकली ती सहा फूट दोन इंची, कारण सरकारी कमिशनने तेच सुचवलं होतं. आणि डब्लिन-ड्रॉइडावाले म्हणाले आम्हाला एवढं रुंद परवडत नाही, आम्ही पाच फूट दोन इंच घेतो. आता गंमत अशी की या दोन्ही लायनी एक ना एक दिवस एकमेकींना भेटणार होत्या! अल्स्टरवाले साहजिकच भडकले, आम्ही सरकारचं ऐकून खर्च केला आणि आता हे काय म्हणून. प्रकरण लंडनला बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याकडे गेलं, तिथे मेजर-जनरल पास्ली म्हणून होते, त्यांनी चार लोकांना विचारून पाच फूट तीन इंच ठरवलं. सगळ्या मापांची सरासरी काढली असं सांगतात. १८४६ च्या गेज कायद्याने त्यावर शिक्का बसला. अल्स्टरला रूळ उखडून परत टाकावे लागले आणि पहिल्या किंग्सटाउन लाइननेही १८५७ मध्ये गेज बदललं.

आपल्याकडे डलहौसीला सहा फूट हवं होतं आणि शेवटी साडेपाचवर आलं, तेव्हा तडजोड दोन्हीकडे आहे, फक्त आपली जरा मोकळ्या मनाची. तुमच्या मिलिमीटरच्या भाषेत आयरिश १६०० आणि आपलं १६७६.

याचा त्रास आजही आहे. इंग्लंडमधला जुना डबा घेतला तरी खालची चाकांची चौकट बदलल्याशिवाय चालवता येत नाही, त्यामुळे गाडी स्पेनहून येवो की कोरियाहून, खास या मापाची बनवून घ्यावी लागते. आणि डब्लिनची ट्राम, लुआस, ती मात्र १४३५ ची! तिची ग्रीन लाइन बरीचशी जुन्या हारकोर्ट स्ट्रीट रेल्वेच्या जागेवरून जाते, जी १९५८ च्या शेवटच्या दिवशी बंद केली होती आणि २००४ मध्ये ट्रामसाठी परत उघडली. जागा तीच पण माप वेगळं. मला विचाराल तर ती लाइन बंद करणं हा त्या शहराने स्वतःवर केलेला सगळ्यात महागडा विनोद आहे.

तुम्ही इंजिनाचंही विचारलंय. आयर्लंडची २०१ क्लासची इंजिनं जनरल मोटर्सची आहेत, १९९४-९५ ची, आणि त्यांच्या आत ७१० जातीचं बारा सिलेंडरचं डिझेल मशिन. आपल्या डब्ल्यूडीपी-४ या डिझेल इंजिनात त्याच जातीचं सोळा सिलेंडरचं. डोळे मिटून ऐकलंत तर आवाज ओळखीचा वाटेल तुम्हाला.

प्रश्न: आम्ही मेलबर्नला राहतो. मुलाला शाळेत सांगितलं की इथले रूळ आयर्लंडच्या मापाचे आहेत. खरं का? आणि सिडनीचे का नाहीत?

अगदी खरं. आणि यामागे एक माणूस आहे. फ्रान्सिस वेब शील्ड्स नावाचा आयरिश इंजिनिअर सिडनीच्या रेल्वे कंपनीत होता, त्याने न्यू साउथ वेल्सला पाच फूट तीन इंचासाठी पटवलं, शेजारच्या व्हिक्टोरियानेही, म्हणजे तुमच्या मेलबर्नच्या राज्यानेही, मान डोलावली आणि गाड्यांची ऑर्डर देऊन टाकली. मग हा गृहस्थ नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी आलेल्याने गेज परत चार फूट साडेआठ करून घेतलं, आणि व्हिक्टोरियावाले बसले बोंबलत कारण ऑर्डर गेलेली. म्हणून पुढे कित्येक वर्षं सिडनी-मेलबर्न प्रवासात दोन राज्यांच्या सीमेवरच्या आल्बरीला मध्यरात्रीसुद्धा गाडी बदलावी लागायची. साउथ ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमध्येही हे माप आहे. मुलाला सांगा, तुमची मेलबर्नची लोकल आयर्लंडची मामेबहीण लागते.

प्रश्न: मी कॉर्कला मास्टर्स करतोय. आम्ही चारपाच जण ट्रेनने बेलफास्टला जायचं म्हणतोय, तिकीट कसं काढू, काही टिप्स?

तिकिटाआधी व्हिसा बघ रे बाबा. बेलफास्ट म्हणजे युनायटेड किंगडम. सीमेवर गाडी थांबवून नेहमी पासपोर्ट बघत नाहीत म्हणून पोरांना वाटतं चालतंय, पण भारतीय पासपोर्टवर तुझं आयरिश रेसिडेन्स कार्ड तिकडे चालत नाही, यूकेचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो. (भारतातून फिरायला येणाऱ्या आईबाबांचं वेगळं आहे, त्यांच्या शॉर्ट स्टे व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) असा शेरा असेल तर दोन्हीकडे फिरता येतं. आधी नीट बघून घ्या.)

आता तिकीट. ऑनलाइन आधी काढलं की स्वस्त पडतं, स्टुडंटचं भाडं वेगळं असतं. इंटरसिटी गाडीत रिझर्व्हेशन केलं की सीटच्या वर छोट्या स्क्रीनवर तुझं नाव येतं, आपल्याकडे डब्यावर चार्ट चिकटवायचे तसं, फक्त इथे अख्ख्या डब्याला तुझं आडनाव वाचायला मिळतं. कॉर्कची गाडी डब्लिनला ह्यूस्टन स्टेशनात येते आणि बेलफास्टची कॉनलीहून सुटते, ही दोन स्टेशनं शहराच्या दोन बाजूंना आहेत, मधे लुआसची रेड लाइन पकड. मधे तासभर तरी ठेव, धावपळ नको. ह्यूस्टन कोण माहितीये का? शॉन ह्यूस्टन, याच रेल्वे कंपनीत क्लार्क होता, ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर त्याला गोळ्या घातल्या. त्या उठावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा १९६६ मध्ये मोठमोठ्या स्टेशनांना त्या लोकांची नावं दिली, कॉनली आणि पीअर्स पण त्यातलेच.

बेलफास्टच्या गाडीचं नाव एंटरप्राइज, १९४७ पासून चालू आहे, साधारण दोन तास लागतात. उत्तरेला जाताना उजव्या खिडकीला बस. मॅलाहाइडला खाडीवरून जाते आणि पुढे समुद्र दिसत राहतो. ड्रॉइडा स्टेशन सुटलं की लगेच बॉइन नदीवरचा पूल येतो, १८५५ चा, तेव्हा मोबाइल खाली ठेव.

प्रश्न: डोंबिवलीहून. मी भारतीय गाड्यांची एचओ, म्हणजे १:८७ मापाची मॉडेल्स जमवतो, आता आयरिश एखादं इंजिन घ्यावं म्हणतोय. ओओ घेऊ का? फोटोत रूळ अरुंद का दिसतात?

वा, हा माझ्या आवडीचा प्रश्न, जरा लांबेल. आयरिश मॉडेल्स जवळपास सगळी ओओ, म्हणजे १:७६ ला येतात, कारण ती दुनिया ब्रिटिश बाजाराला चिकटून वाढली. आता ओओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. हे माप ब्रिटिश गेजलासुद्धा आधीच अरुंद आहे, आणि आयरिश १६०० ला ७६ ने भागलं की येतात २१ मिलिमीटर! म्हणजे साडेचार मिलिमीटरची थाप. समोरून बघितलं की इंजिन हाफपँट घातलेल्या पैलवानासारखं दिसतं. काही हट्टी लोक २१ मिलिमीटरचे रूळ हाताने बांधतात, चाकांचे अ‍ॅक्सल बदलतात, त्यांना माझा दंडवत, पण तुम्ही त्या नादाला लागू नका. आणि तुम्हाला हे नवीन नाही, तुमची एचओ भारतीय इंजिनं तरी कुठे खरी आहेत, १६७६ ला ८७ ने भागून बघा, १९ च्या वर येतं आणि तुम्ही चालवताय १६.५ वर!

काय घ्यावं? मर्फी मॉडेल्सने २०१, ०७१, १४१, १८१, १२१ अशी जनरल मोटर्सची डिझेलं काढली, आयरिश रेल्वे मॉडेल्सने मालडबे आणि ए क्लास. या ए क्लासची गोष्ट मजेशीर आहे, १९५५ च्या सुमाराला इंग्लंडच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सकडून साठ इंजिनं घेतली, आत क्रॉसलीची मशिनं, ती एवढी वैताग द्यायची की शेवटी काढून जनरल मोटर्सची बसवली. वर रंगही बदलत गेले, त्यामुळे एकाच इंजिनाचे चंदेरी, हिरवा, काळा, नारिंगी असे अवतार आहेत आणि दुकानात गेलं की सगळेच हवे वाटतात. तिथेच खिसा फाटतो. माझं मत, एक काळ पकडा. समजा १९७० चं दशक, नारिंगी-काळा रंग, मग त्याच काळातले डबे, त्याच काळातले सिमेंटचे वॅगन. चंदेरी इंजिनामागे आजचे डबे लावून फोटो टाकलात तर आयरिश मंडळी हसतील, आणि ते हसतात मनापासून.

आणि बॉक्स टाकू नका हो. परत विकायची वेळ आली तर बॉक्स नसेल तर भाव पडतो, आणि त्या फोमशिवाय इंजिन कुरिअरने पाठवणं म्हणजे देवावर हवाला. डोंबिवलीची हवा दमट, पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा, रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. सँडपेपर नको, ओरखड्यात घाण आणखी बसते.

प्रश्न: नाशिकहून एक आई. मुलगा नऊ वर्षांचा आहे, भाऊ डब्लिनहून येतोय, त्याला तिथून आयरिश इंजिन आणायला सांगू का?

ताई, नको. ही मॉडेल्स खेळण्यासारखी दिसतात पण खेळणी नाहीत, बारीक हँडरेल, आरसे, एअर पाइप, पहिल्याच पडण्यात गेले समजा, आणि एकेक इंजिन शेकड्यांनी युरोला जातं. साधा ओओचा स्टार्टर सेट आणायला सांगा, गोल रूळ, कंट्रोलर, एक छोटं इंजिन. आयरिश नसेना का, मुलाला फरक पडणार नाही, भावाला पडेल! मोठी डिझेलं तशीही सेटमधल्या सगळ्यात छोट्या गोलावर अडतात, त्यांना दुसऱ्या रेडियसचा, म्हणजे ४३८ मिलिमीटर त्रिज्येचा गोल तरी लागतो, त्याचाच व्यास नव्वद सेंटिमीटरच्या जवळ जातो. फ्लॅटमध्ये पलंगाखाली सरकेल असा प्लायवूड आधी बघा. प्लग तिथला तीन चौकोनी पिनांचा असतो, साधा अ‍ॅडॉप्टर लावला की झालं, व्होल्टेज आपल्यासारखंच.

भावाला वाटलंच काही दाखवावं तर मुलाला कधीतरी मॅलाहाइडला न्यायला सांगा. तिथे सिरिल फ्राय यांचा संग्रह आहे. हे इंचिकोर रेल्वे कारखान्यात काम करायचे आणि घरी आयरिश गाड्या हाताने बनवायचे. आता तो कॅसिनो मॉडेल रेल्वे म्युझियममध्ये ठेवलाय, नाव ऐकून दचकू नका, जुगार नाही तिथे.

प्रश्न: कोल्हापूरहून. आपल्याकडे माथेरानची, पूर्वीची शकुंतला अशा छोट्या गाड्या, तशा आयर्लंडमध्ये आहेत का अजून?

होत्या, ढिगाने, तीन फुटी. डोनेगलच्या १९५९ संपता संपता गेल्या, वेस्ट क्लेअर १९६१ मध्ये. १९२० च्या सुमाराला अख्ख्या बेटावर साडेपाच हजार किलोमीटरच्या वर रूळ होते, आता डोनेगल जिल्ह्यात एकही पॅसेंजर गाडी जात नाही. केरी जिल्ह्यात लिस्टोवेल ते बॅलीबनियन तर एका रुळाची गाडी होती, १८८८ ते १९२४, लार्टीग मोनोरेल. रूळ कमरेएवढ्या उंचीवर, गाडी दोन्ही बाजूंना खोगिरासारखी लटकलेली, आणि वजन सारखं ठेवावं लागायचं, एका बाजूला काही जड चढवलं की दुसऱ्या बाजूलाही तेवढंच वजन हवं. लिस्टोवेलला आता तिची प्रतिकृती चालते, बसून या.

प्रश्न: लिमरिक जंक्शनला उतरून लिमरिक शहर चालत गाठता येतं का? (सातारा)

नाही हो! ते टिपरारी जिल्ह्यात आहे, शहर तिथून पस्तीसेक किलोमीटर. गाडी बदला.