रानभाज्यांचा ब्लॉग सुरू करण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या तालुक्यातल्या रानभाज्यांवर मराठीत ब्लॉग लिहायचं ठरवलंस आणि त्यासाठी कोणती साधनं घेऊ, असं विचारलंस. साधनांच्या याद्या इंटरनेटवर हव्या तितक्या मिळतील. त्यातल्या बहुतेक इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी केलेल्या असतात आणि देवनागरीत लिहिणारा जिथे अडकतो, नेमकं तेच त्यात नसतं. म्हणून कोणतंही साधन हातात घेताना दोनच गोष्टी तपास. दहा वर्षांनी हा मजकूर तुझ्या ताब्यात असेल का? आणि बाजारातून शेवळं ही रानभाजी घेऊन घरी आलेल्या बाईने शोधलं, तर तिला तो सापडेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या डोमेन नावापासून, म्हणजे ब्लॉगच्या इंटरनेटवरच्या पत्त्यापासून, सुरू होतं. फेसबुकवरची ‘नोट्स’ची सोय २०२० साली बंद झाली. फुकट पानं देणारं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, पोस्टरस ही ब्लॉगसेवा २०१३ मध्ये. तिथे लिहिणाऱ्यांचे पत्तेच नाहीसे झाले. नाव स्वतःचं असेल तर मागची जागा बदलली तरी पत्ता तोच राहतो. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ घे. ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव २०१४ पासून मिळतं आणि मनाला फार भावतं, पण कित्येक ठिकाणी ते रोमन अक्षरांच्या अगम्य ओळीत बदलून दिसतं. ते हौस म्हणून दुसरं नाव ठेव, मुख्य नको.

नाव विकत घेताना पहिल्या वर्षाची किंमत पाहू नकोस, नूतनीकरणाची पाहा. ती बहुधा कितीतरी जास्त असते आणि बारीक अक्षरांत लिहिलेली असते. खातं तुझ्याच ईमेलवर आणि तुझ्याच फोन नंबरवर उघड. ‘मी करून देतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या खात्यात नाव गेलं की पुढे ते सोडवून घेणं जिकिरीचं होतं. आपोआप नूतनीकरणाची खूण करून ठेव, पण तिच्यावर विसंबू नकोस. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून परस्पर पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले आहेत आणि परदेशी विक्रेत्यांकडची कापणी अनेकदा अडते. मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेव. ‘डॉट कॉम’ची मुदत आणि त्यानंतरची सवलत उलटली, तरी नाव परत मिळवायला साधारण ३० दिवस असतात, पण त्या काळातला दंड नावाच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

आता लिहायचं कुठे? गूगलचं ब्लॉगर की स्वतः भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालवायचं वर्डप्रेस, हा वाद तू वाचला असशील. माझं स्पष्ट मत असं, की पहिले वीस-पंचवीस लेख ब्लॉगरवर लिही, पण पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर. ब्लॉगर फुकट आहे, सर्व्हरची देखभाल नाही, आणि खर्च फक्त नावाचा. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये तुझं नाव घातलंस की ते दोन सीनेम नोंदी (एक पत्ता दुसऱ्या पत्त्याला जोडणाऱ्या ओळी) दाखवतं. पहिली ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ला गूगलकडे वळवते, दुसरी नाव तुझंच आहे हे पटवते. या दोन्ही नोंदी नाव विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं हे जिथे नोंदवतात तिथे, जशाच्या तशा उतरवायच्या. दुसरी विचित्र दिसते म्हणून लोक ती वगळतात आणि मग जोडणी होत नाही. शिवाय ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’शिवायच्या पत्त्यासाठी ब्लॉगरच्या मदतपानावर दिलेल्या चार ‘ए’ नोंदी (नावाला सर्व्हरचा आकडी पत्ता जोडणाऱ्या) घाल, आणि त्याआधी विक्रेत्याने स्वतःहून घातलेली जुनी ‘ए’ नोंद काढून टाक. ती राहिली तर काही वाचकांना तुझ्या ब्लॉगऐवजी विक्रेत्याच्या जाहिरातीचं पान दिसतं. शेवटी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सुरू कर. प्रमाणपत्र तयार व्हायला काही तास लागू शकतात, तेवढ्यात घाबरून नोंदी बदलत बसू नकोस.

पुढे वर्डप्रेसवर जावंसं वाटलं तर ब्लॉगरमधून मजकूर आणण्याचं साधन तिथे आहे. तेव्हा एक गोष्ट विसरू नकोस. ब्लॉगरचे पत्ते वर्ष, महिना, लेखाचं नाव आणि शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ अशा क्रमाने असतात. वर्डप्रेसच्या पर्मालिंक (लेखाचा कायमचा पत्ता) सेटिंगमध्ये हाच क्रम बसवता येतो. तो बसवलास आणि लेखांची नावं तीच राहिली आहेत ना हे पाहिलंस, की इतरांनी दिलेले तुझ्या लेखांचे दुवे चालत राहतात.

लेखाच्या पत्त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी ब्लॉग इथेच सगळ्यात जास्त फसतात. ब्लॉगरवर शीर्षक मराठीत दिलंस तर पत्ता करताना देवनागरी अक्षरं गळून पडतात आणि प्रत्येक लेखाचा पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे काहीतरी आकडा असा होतो. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण तिथे दुसरीच गंमत आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात त्याची नऊ रोमन अक्षरं होतात. मात्रा, वेलांटी, हलन्त हेही वेगळं चिन्ह म्हणून मोजलं जातं. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता तयार करताना २०० अक्षरांवर तो कापतं. ‘शेवळाची भाजी आणि घशाची खाज’ यात २२ चिन्हं आणि चार मोकळ्या जागा आहेत, म्हणजे पत्त्यात २२ गुणिले नऊ अधिक चार, २०२ अक्षरं. शेवटचा ‘ज’ कापला जातो आणि पत्ता ‘घशाची खा’वर संपतो! व्हॉट्सॲपवर पाठवलास की बहुतेक वेळा टक्केचिन्हांची लांबलचक ओळ दिसते ती वेगळीच. म्हणून दोन्हीकडे उपाय एकच. प्रसिद्ध करण्यापूर्वी पर्मालिंकच्या चौकटीत रोमन अक्षरांत तीन-चार शब्दांचा पत्ता स्वतः लिही. शीर्षक मात्र मराठीच ठेव.

टाइप कशाने करायचं? फोनवर गूगलचं जीबोर्ड पुरेसं आहे. संगणकावर मात्र इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिक. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांत ते आधीपासून असतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. रोमन अक्षरांतून मराठी करणारी साधनं सुरुवातीला सोपी वाटतात, पण ती शब्दाचा अंदाज बांधतात आणि रानभाज्यांची नावं त्यांच्या अंदाजात बसत नाहीत. रोज अर्धा तास बसलीस तर तीनेक आठवड्यांत हात बसेल. अर्ध्या ‘ऱ’चा हिशोब पहिल्याच दिवशी समजून घे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबलं की ‘ऱ’, मग ‘डी’ने हलन्त, मग ‘य’. हे चुकलं की आचाऱ्यांना दिलेली कृती आचार्यांना जाते आणि दऱ्यांतली भाजी दर्यात उगवते. ‘ॲ’चंही तसंच. ‘अ’वर चंद्र देऊन केलेला आणि ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर दिसतात सारखे, पण संगणकासाठी वेगळे असतात. एकच पद्धत धर, नाहीतर स्वतःच्याच ब्लॉगवर शोधलेला शब्द तुला सापडणार नाही. घरात कुणी श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये टंकून ठेवलेल्या जुन्या नोंदी असतील, तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंचात, नाहीत. आधी परिवर्तकातून काढ, मग जोडाक्षरं आणि रफार एकेक करून तपास.

फाँट एकच घे. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ घेतलास तर चालेल. दोन्ही गूगल फाँट्सवर मोफत आहेत. दुसऱ्यात आपल्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मुळातच आहेत. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवड, म्हणजे ज्या फाँटांत ही वळणं मागे दडलेली असतात तिथेही ती पुढे येतात. अक्षर १८ पिक्सेल, ओळींतलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेव. इंग्रजी थीममध्ये ते १.४ असतं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सेटिंग शून्य कर, तिने शिरोरेषा तुटते.

आता तुझ्या विषयाकडे येऊ. टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात. करटोली कुठे कर्टुली, कुठे कंटोळी, कुठे काटवल. लोक शोधताना आपापल्या घरातलं नाव टाकतात. म्हणून प्रत्येक लेखात पहिल्या दोन परिच्छेदांत सगळी गावोगावची नावं वाक्यात गुंफून लिही. शेवटी यादी चिकटवलेली वाचकाला आवडत नाही. शास्त्रीय नाव लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर पडताळ. शब्दांच्या जुन्या अर्थांसाठी मोल्सवर्थ आणि दाते यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत, त्यात झाडांची नावंही सापडतात. ओळख पटलेली नसेल तर लेख थांबव. इथे चूक झाली तर ती कुणाच्या तरी पोटात जाते. शेवळाच्या लेखात काकडं (एका रानझाडाची आंबट फळं) किंवा चिंच का घालायची हे कृतीच्या आत, त्याच पायरीवर लिही. खाली टीप म्हणून लिहिलंस तर स्वयंपाक करता करता वाचणारी बाई तिथपर्यंत पोचत नाही, आणि भाजी घशाला खाजते.

प्रत्येक भाजीचे चार फोटो हवेत: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, फूल किंवा फळ. फोनमधला फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. गावाकडच्या नेटवर तो उघडत नाही. ‘स्क्वूश’ हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी १२०० पिक्सेल, प्रकार वेबपी, दर्जा ७५ ठेव. फोटो साधारण १५० ते २०० केबीपर्यंत येतो. आणि फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद कर. मूळ फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश राहतात आणि एखाद्या कंदाची जागा कळली की पुढच्या वर्षी तिथे खड्डेच उरतात. दुसऱ्याचे फोटो लागले तर विकिमीडिया कॉमन्सवरून घे, आणि छायाचित्रकाराचं नाव व परवाना फोटोखालीच लिही. गूगलवर दिसला म्हणून घेतलेला फोटो चोरीचाच. कृती कुणाच्या मालकीची नसते, पण ती सांगणारी वाक्यं असतात. आणि ज्या बायकांनी तुला माहिती दिली, त्यांचं नाव छापण्यापूर्वी त्यांना विचार.

लोक गूगलवरून तुझ्याकडे कसे येतात ते दाखवणारं गूगल सर्च कन्सोल पहिल्याच आठवड्यात जोड आणि त्यात साइटमॅप, म्हणजे लेखांच्या पत्त्यांची यादी, दे. मग तीन महिने तिकडे फिरकू नकोस. त्यानंतर ‘परफॉर्मन्स’मधले शोधशब्द पाहा. लोक कोणत्या नावाने येतात ते तिथे दिसतं, पुढचे लेख त्यावरून सुचतील. वर्डप्रेसवर गेलीस तर ‘रीडिंग’ सेटिंगमधली शोधयंत्रांना मनाई करणारी खूण काढली आहे ना, हे आधी बघ. साइट तयार करताना ती केलेली असते आणि नंतर विसरली जाते. जाहिरातींचं आत्ता नको. गूगलची जाहिरातसेवा ॲडसेन्स मराठी मजकूर स्वीकारते, पण खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत. तोवर कृतीच्या मधोमध जाहिराती घुसवून वाचक पळवण्यात अर्थ नाही.

राहिली प्रत. लेख आधी स्वतःच्या संगणकावर लिही, प्रत्येक लेखाचा एक फोल्डर कर, मूळ फोटो त्यातच ठेव. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये मजकुराची प्रत उतरवून घ्यायची सोय आहे. दर महिन्याच्या १ तारखेला ती घे. पण त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, आणि हे बहुतेकांना फोटो गेल्यावर कळतं. वर्डप्रेसवर अपड्राफ्टप्लस हे प्रत घेणारं जोडसाधन वापरलंस तर प्रत गूगल ड्राइव्हवर पाठव. त्याच सर्व्हरवर ठेवलेली प्रत सर्व्हरबरोबरच जाते. वर्षातून एकदा ती प्रत रिकाम्या ब्लॉगवर खरोखर उतरवून पाहा. लेख प्रसिद्ध झाला की त्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्येही टाक. अर्धं मिनिट लागतं.

शेवळं जूनच्या तोंडाशी येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. म्हणजे मे संपेपर्यंत नाव, डीएनएस आणि फाँट ही तिन्ही कामं उरकायला हवीत. पहिली जुडी घरी आली की चिरण्याआधी तिचे फोटो काढ.

कळावे.