बाबी केत्जाप पहिल्यांदा करताना

राइस्टाफेलच्या, म्हणजे भाताभोवती मांडलेल्या इंडोनेशियन-डच जेवणाच्या, डझनभर वाट्यांचा मोह आत्ता नको. आधी बाबी केत्जाप, म्हणजे गोड सोया सॉसमध्ये शिजवलेलं डुकराचं मांस, हाताला बसू दे. मांस चरबीचंच घे. नेदरलँड्समध्ये असशील तर खाटकाकडे ‘प्रोक्युरूर’, म्हणजे डुकराच्या मानेचा तुकडा, माग. बिनचरबीच्या मांसाचा चोथा होतो.

७५० ग्रॅमला २ कांदे, ४ लसूण पाकळ्या आणि बोटभर आलं पुरे. मांस थोडं थोडं करून तांबूस परत. सगळं एकदम टाकलंस तर पाणी सुटून ते नुसतं उकडतं. मग कांदा, आलं-लसूण, चमचाभर सांबल उलेक, म्हणजे लाल मिरचीचा ठेचा. केत्जाप मानिस, म्हणजे दाट गोड सोया सॉस, ५-६ मोठे चमचे, पण निम्माच आधी घाल. त्यात ताडगूळ असतो, तळाला लागला की अख्खं पातेलं कडू. साधा सोया सॉस आणि गूळ चालून जातं, मला विचारशील तर नाइलाजानेच.

जायफळ वगळू नकोस. ते मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं, आणि डच घरांत उकडलेल्या फ्लॉवरवरही किसतात! कपभर पाणी घालून झाकण ठेव, मंद आचेवर दीड तास. उरलेला केत्जाप शेवटी. सोबत पांढरा भात आणि सिरक्यातली काकडी.