फळ नाही, नुसतं पान आहे, मग झाड ओळखायचं कसं?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टाकीजवळ भिंतीतून एक रोप आलंय. कोणी नांद्रुक म्हणतं, कोणी उंबर, आणि फळाचा तर पत्ताच नाही. मुलीच्या कॉलेजात मायक्रोस्कोप आहे. पानाच्या पृष्ठभागावरून काही नक्की सांगता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: हो ताई, येईल, आणि या दोघांसाठी तर मायक्रोस्कोपचीही गरज नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पान उलटं करा. मधल्या शिरेच्या अगदी बुडाशी, देठाजवळ, एक मेणचट ठिपका दिसला तर झाड वडाच्या गटातलं, म्हणजे वड, पिंपळ, नांद्रुक, कुंडीत लावतात ते शोभेचं रबर वगैरे. उंबरात हा ठिपका तिथे नसतो, सगळ्यात खालच्या बाजूच्या शिरा जिथे फुटतात त्या बेचक्यात असतो. पानं समोरासमोर आणि दोन्ही बाजूंनी खरखरीत असतील तर मात्र ते दोन्ही नाही, तो काळा उंबर असू शकतो.

मुलीला आणखी खोलात जायचं असेल तर पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिश लावा, वाळलं की सेलोटेपने उचलून स्लाइडवर चिकटवा, पर्णरंध्रांचा, म्हणजे पानाच्या श्वास घ्यायच्या बारीक छिद्रांचा, ठसा मस्त येतो. खालचीच बाजू अशासाठी की वड-उंबराच्या या कुळात रंध्रं बहुतेक तिथेच असतात. पण त्यांची संख्या मोजून जात ठरवू नका प्लीज, एकाच झाडाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांत ती बदलते. रंध्रं कुठे आहेत, खोल बसलीत का, केस कसले आहेत, हे जास्त भरवशाचं.

माझ्या मते खरी मजा सिस्टोलिथमध्ये, म्हणजे पानाच्या पेशीत साठलेल्या चुनखडीच्या गोळ्यांमध्ये, आहे! ब्लेडने पातळ आडवा काप घ्या, रबराच्या पानापासून सुरुवात करा कारण त्याची वरची त्वचा अनेक थरांची असते, आणि तिथल्या मोठ्या पेशीत कॅल्शियम कार्बोनेटचा गोळा देठावर द्राक्षाच्या घडासारखा लोंबताना दिसतो. व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात, शिरांजवळच्या ऑक्झलेटच्या स्फटिकांना येत नाहीत, त्यामुळे घोटाळा होत नाही. हे गोळे वरच्या त्वचेत, खालच्या की दोन्हीकडे, यावरूनही अभ्यासक जाती वेगळ्या करतात.

ठिपक्यावरून गट कळतो, नेमकी जात नाही, त्यासाठी पुण्यातल्याच भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातल्या वाळवलेल्या नमुन्यांशी ताडून बघावं लागेल. नमुना म्हणून सुटं पान नको, आख्खी डहाळी घ्या, आणि टोकाची ती अणकुचीदार कळी शाबूत ठेवा.