घड्याळ अकरा वेळा, गोळी एकदाच

"मॅडम, एक ठोका चुकला की वाटतं, आता पुढचा येणारच नाही." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काका हे बोलले आणि मनगटावरच्या स्मार्टवॉचकडे बघितलं. पाऊण तासात त्यांनी ते अकरा वेळा बघितलं. मी मोजत होते.

वय 66, बँकेतून निवृत्त, घर ठाण्यात, नौपाड्यात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन निघालं होतं. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडीचा ताल बिघडतो. डॉक्टरांनी एक गोळी ठोक्यांचा वेग आवरायला दिली होती, दुसरी 'रक्त पातळ' करायची, सकाळ-संध्याकाळ. धडधड कमी झाली, पण गेली नाही. मग काकांनी तलावपाळीची, म्हणजे मासुंदा तलावाभोवतीची, फेरी सोडली, लोकल सोडली, नातवाला उचलून घेणंही सोडलं. "औषध घेऊनही धडधडतंच, मग घ्यायचं कशाला?" हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचा असतो.

मी विचारलं, "कुठली गोळी किती वाजता घेता?" काका गप्प. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "संध्याकाळची तीन आठवडे बंद आहे. रक्त पातळ करायची."

दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं होतं. फिरायला येणारे एक सोबती म्हणाले, रक्ताचं पाणी होईल. इथे मला आपल्या शब्दाचाच राग येतो. त्या गोळीने रक्त पातळ होतच नाही. फक्त त्याची गुठळी धरायला वेळ लागतो. थरथरणाऱ्या वरच्या डाव्या कप्प्यात एका कोपऱ्यात रक्त साचतं, गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. या आजारात तो धोका साधारण पाचपट असतो. गुठळी धरताना काहीच जाणवत नाही. काका जाणवणाऱ्या ठोक्यावर दिवसभर पहारा देत होते आणि न जाणवणाऱ्या गुठळीला संध्याकाळी दार उघडं ठेवत होते.

गोळीचा निर्णय माझा नाही. त्यांच्याच फोनवरून तिथल्या तिथे हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. तिथे आणखी एक गोष्ट निघाली: काका गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणत होते. ती गोळी या गोळीसोबत घेतली की रक्तस्राव वाढतो. वेदनाशामक बंद, हिरड्यांसाठी दंतवैद्य, आणि संध्याकाळची गोळी पुन्हा सुरू. काळ्या रंगाचं शौच, न थांबणारं रक्त असलं तर लगेच यायचं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर वाट न बघता 108.

माझं काम उरलं ते घड्याळाचं. ठोका जाणवला की भीती, भीतीने ठोके जलद, की पुन्हा घड्याळ. शिवाय या आजारात काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे तो आकडा दर वेळी खरा असतोच असं नाही. ठरलं असं की सकाळी एकदा, रात्री एकदा बघायचं. मध्ये धडधडलं तर वहीत वेळ आणि त्याआधी काय केलं ते लिहायचं. पहिल्या आठवड्यात वही अर्धी भरली. शनिवारी मित्रांसोबत 'बसले' की रविवारची पहाट हमखास वाईट. हे काकांनी स्वतः ओळखलं, मला सांगावं लागलं नाही. दारू सोडताना चिडले खूप, पण सोडली.

बाकीच्या पहाटेंचं कोडं काकूंनी सोडवलं, तेही जाता जाता. त्या घोरण्याला कंटाळून कित्येक वर्षं हॉलमध्ये झोपायच्या. आजार कळल्यावर पुन्हा खोलीत आल्या, श्वास चालू आहे ना ते ऐकायला. "मध्येच घोरणं थांबतं हो, मी आकडे मोजते, मग एकदम हुंदका देऊन सुरू." ही चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना द्यायची गोष्ट होती. झोपेची तपासणी झाली, स्लीप ॲप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं. उपचार न झालेला ॲप्निया या अनियमित ठोक्यांना खतपाणी घालतो. आता रात्री मास्क लावून झोपतात. काकू त्याला 'हत्तीची सोंड' म्हणतात.

फिरणं डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. आधी गोखले रोडपर्यंत, मग मासुंदा तलावाची एक फेरी. धडधड अजूनही होते, आठवड्यातून दोनदा वगैरे. होते तेव्हा बाकावर बसतात, सावकाश श्वास सोडतात, आणि मग फेरी पुरी करतात.

पुढच्या बुधवारी ॲब्लेशनबद्दल, म्हणजे ताल बिघडवणारे हृदयातले भाग नळी घालून निकामी करण्याच्या उपचाराबद्दल, डॉक्टरांशी बोलायला जायचंय. वहीच्या शेवटच्या पानावर काकांनी प्रश्न लिहून आणले होते. शेवटी बारीक अक्षरात होतं: 'नंतर पातळवाली गोळी बंद करता येईल?' ते म्हणाले, हा खोडतो, वेडगळ आहे.

मी म्हटलं, खोडू नका. ॲब्लेशननंतर ताल सुधारला तरी पक्षाघाताचा धोका पाहून ती गोळी चालू ठेवावी लागू शकते. तेव्हा हाच पहिला विचारा.

त्यांनी पेन काढून त्याच्यापुढे 1 लिहिला.