सायकलचे मागुरा कंपनीचे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) रिम ब्रेक ढिले, लिव्हर हँडलला टेकतो. काय करू?

आधी पॅड (रिमवर घासणारे रबरी ठोकळे) बघा. आपल्या गोव्यात पावसाळाभर तांबड्या चिखलातून सायकल हाणली की पॅड किसणीवर धरल्यासारखे झिजतात. माझे तर चतुर्थीपर्यंत संपलेले असतात. पॅडवरच्या खाचा अजून दिसत असतील तर लिव्हरजवळची लाल चाकी (काही मॉडेलांत बारीक ॲलन स्क्रू) थोडी थोडी आत फिरवा. पॅड रिमजवळ सरकतात. खाचा गेल्या असतील तर पॅडच बदला, पण बसवण्याआधी चाकी पूर्ण मागे घ्या, नाहीतर चाक अडकेल.

लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो? मग आत हवा आहे, ब्लीड करावं लागेल, म्हणजे नवं तेल भरून हवा बाहेर काढावी लागेल. त्यात मिनरल ऑइलच घाला. मोटरसायकलचं डॉट ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगून वाया जातात.