रोज एक मिलिमीटर

म्हापसा,
शुक्रवार, बाजारातून आल्यावर

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. डिसेक्शन हॉलमध्ये तुमच्या टेबलावर मृतदेहाचा हात आला, थर सुटत गेले आणि 'देवाने अद्भुत घडवलं' यातलं काहीच दिसलं नाही, नुसत्या दोऱ्या आणि चरबी दिसली, असं लिहिलंस. नाही दिसलं तर नाही. त्यात पाप कसलं गो? फॉर्मेलिनचा वास नाकात असताना बायबलातलं स्तोत्र 139 कुणाला आठवतं! मला तर तेव्हा उलटी कशी आवरायची एवढीच चिंता होती.

आता एक कर. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या जरा खाली धर आणि उजवी मूठ मिट-उघड कर. आत काहीतरी सरकतंय ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते तिथे वर असतात. बारीकसारीक कामाचे काही तळव्यात आहेत, पण बोटांपर्यंत येतात त्या स्नायूंच्या दोऱ्याच. म्हणून तर बोटं सडपातळ राहिली आणि सुईत दोरा ओवता येतो. 'नुसत्या' हा शब्द तेवढा मागे घे.

पण खरं नवल मला मेलेल्या हातात नाही, कापल्या गेलेल्या एका जिवंत हातात दिसलं. मी नोकरीत नवी होते. पावसाच्या तोंडावर एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आला, कोयता मनगटावर बसलेला. सर्जननी मीडियन नर्व्ह, म्हणजे मनगटातून पंजात जाणारी मधली नस, शिवली होती. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर, आणि अनामिका बरोबर अर्धी! एकाच बोटाची एक कड आपली, दुसरी परकी. तो म्हणायचा, "टीचर, हीं बोटां म्हजीं न्हय."

नस तुटली की तुटलेल्या जागेपुढचा धागा मरतो, पण त्याची नळी रिकामी उरते. त्या नळीतून नवा धागा पुढे सरकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी त्याच्या बोटांकडून मनगटाकडे हलकेच टिचक्या मारत यायचे. जिथे मुंग्या येत तिथवर नस पोचली असं समजायचं आणि अंतर मोजून कार्डावर लिहायचं. पुढच्या महिन्यात ती जागा अडीच-तीन सेंटीमीटर पुढे गेलेली असे. कार्डावरच्या त्या आकड्यांसारखी प्रार्थना मी क्वचितच वाचली आहे.

इथेच माझी चूक झाली. मनगट ते बोटाचं टोक अठरा सेंटीमीटर, म्हणजे सहा महिने, असा हिशेब करून मी त्याला सांगून टाकलं, "नाताळाला माडावर चढशील." पहिले काही आठवडे नस जागची हलत नाही, टोकाला पोचल्यावरही मेंदूला स्पर्श नव्याने शिकावा लागतो, हे मी धरलंच नव्हतं. नाताळात तो आला तेव्हा हातातला रुपया त्याला ओळखता येईना. मला काहीच म्हणाला नाही, हेच जास्त लागलं. देवाच्या वतीने तारखा देऊ नकोस. आणि शरीराची रचना निर्दोष आहे असंही कुठल्या पेशंटला सांगू नकोस. त्याच मनगटातल्या अरुंद बोगद्यात तीच नस दबून कितीजणींची झोप उडते, ते ओपीडीत बघशीलच.

पुढचा पाऊस ओसरल्यावर, डोळे मिटून, पिशवीतल्या बटणांतून त्याने रुपया काढून दाखवला.

वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट तीन शुभवर्तमानांत आहे, पण तो उजवा हात होता हे एकटा लूक लिहितो. परंपरा त्याला वैद्य मानते, आणि मला ते लगेच पटतं. पेशंटचा कुठला हात गेला हे आपल्यातलाच कुणीतरी विचारणार! येशू त्या माणसाला नेमकं जे जमत नव्हतं तेच करायला सांगतो: हात लांब कर. मीही आयुष्यभर रोज सकाळी तेच सांगत आले. येशूला क्षण लागला, मला सव्वा वर्ष. पण नळीतून सरकणारा तो धागा काही मी ओवलेला नव्हता.

जुन्या गोव्यात सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, शवप्रदर्शनाला तू रांगेत उभी होतीस ना? त्याचा उजवा हात तिथे नाही. कोपराखालचा भाग 1614 साली रोमला नेला. लोक न कुजलेल्या देहाचं नवल करतात, करोत. मला त्याने 1544 मध्ये कोचीनहून लिहिलेलं पत्र आठवतं, बाप्तिस्मा देऊन देऊन हात थकतात असं त्यात आहे. तुझ्या टेबलावरचा हातही कधीतरी असाच थकला असेल, कुणाला बेसांव, आशीर्वाद, द्यायला उचलला गेला असेल. काम संपलं की त्यावर ओलं फडकं नीट पांघर, अटेंडंटवर सोडू नकोस.

पुढच्या शुक्रवारी ये. पंजा टेबलावर पालथा ठेवून मधलं बोट आत मुडपायचं आणि अनामिका उचलायची. उचलत नाही. का, ते वाचून ये. आणि येताना पोदेराकडचे चार उंडे पाव आण.

तुझी,
टीचर